कोरियन नाव कसे वाचावे : आडनाव, कुळाचे मूळस्थान आणि अक्षरांचे अर्थ

कोरियन नावांशी मराठी माणसाचा संबंध आता केवळ मालिका आणि चित्रपटांपुरता उरलेला नाही. रांजणगाव आणि तळेगाव येथील कोरियन कंपन्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना कोरियन वरिष्ठांना रोज ईमेल लिहावे लागतात. कोरियन भाषेचे वर्ग मुंबई-पुण्यात भरतात, आणि २०२४ साली हान कांग यांना साहित्याचे नोबेल मिळाल्यानंतर त्यांचे नाव मराठी वृत्तपत्रांतही छापून आले. अशा वेळी नावाचा अर्थ शोधू लागलेल्या वाचकाच्या हाती इंटरनेटवरच्या याद्या लागतात. 'जी म्हणजे शहाणपण', 'मिन म्हणजे आकाश', 'सॉ म्हणजे शुभ' अशी त्यांची मांडणी असते. या याद्या पूर्णपणे खोट्या नाहीत, पण दिशाभूल करणाऱ्या नक्कीच आहेत, कारण कोरियन नावाचा अर्थ त्याच्या आवाजात नसतो. तो त्या नावासाठी आई-वडिलांनी निवडलेल्या चिनी चिन्हात असतो, आणि आडनावाचा खरा संदर्भ त्या कुटुंबाच्या मूळस्थानात असतो. म्हणून समोर आलेले कोरियन नाव पायरीपायरीने कसे उलगडावे, याची एक पद्धत येथे देत आहे.

पहिली पायरी : आडनाव कोठे संपते ते ओळखा

कोरियन नावात आडनाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर येते. आडनाव बहुधा एका अक्षराचे, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या एका खंडाचे, असते आणि नाव बहुधा दोन अक्षरांचे. बोंग जून-हो या दिग्दर्शकाच्या नावात बोंग हे आडनाव आणि जून-हो हे नाव आहे. जून हे पहिले नाव आणि हो हे मधले नाव, असे मुळीच नाही. कोरियन पद्धतीत मधले नाव नसते. भारतीय कार्यालयांतील अर्जांवर आणि संगणकीय नोंदींत नेमकी हीच चूक वारंवार होते, आणि 'जी हून' असे सुटे लिहिलेले नाव तोडून एक तुकडा भलत्याच रकान्यात टाकला जातो. पासपोर्टवर नाव जोडून किंवा मध्ये लहान रेघ देऊन लिहिलेले असते, आणि तेच प्रमाण मानावे.

दोन अपवाद ध्यानात असावेत. काही नावे एकाच अक्षराची असतात. हान कांग या नावात हान हे आडनाव, कांग हे नाव. दुसरा अपवाद म्हणजे नामगुंग, ह्वांगबो, जेगाल, सागोंग, सॉनू, दोकगो अशी मोजकी दोन अक्षरी आडनावे. तीन अक्षरांपैकी पहिली दोन मिळून या यादीतले एखादे आडनाव होत असेल, तर उरलेले एकच अक्षर नावाचे समजावे.

इंग्रजीत लिहिताना काही कोरियन लोक पाश्चात्त्य रीतीप्रमाणे आडनाव शेवटी लिहितात. दोन्ही टोकांना संशय येईल अशी नावे फार थोडी असतात, कारण किम, ली, पार्क, चोई ही आडनावे कोठेही असली तरी चटकन ओळखू येतात.

दुसरी पायरी : इंग्रजी स्पेलिंग बाजूला ठेवा

मराठी वाचकाने या पायरीवर विशेष वेळ द्यावा, कारण देवनागरीत कोरियन उच्चार इंग्रजीपेक्षा बरेच जवळचे लिहिता येतात आणि तरीही आपण इंग्रजी स्पेलिंगचेच लिप्यंतर करत बसतो. 'पार्क' या आडनावात र मुळातच नाही. ज्या इंग्रजी बोलीत स्वरानंतरचा र उच्चारला जात नाही, त्या बोलीच्या हिशेबाने 'आ' दीर्घ दाखवण्यासाठी तो स्पेलिंगमध्ये आला. कोरियन उच्चार बाक आणि पाक यांच्या मधला, शेवटचा क ओठांबाहेर न सोडता अर्ध्यावर थांबवलेला असा आहे. 'ली' असे जे लिहिले जाते, ते दक्षिण कोरियात केवळ 'ई' आहे. 'चोई' हे खरे तर 'छ्वे' च्या जवळ जाते.

'ई' कसे झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. या आडनावाचा मूळ उच्चार 'री'. दक्षिण कोरियाच्या लेखननियमांनुसार शब्दाच्या आरंभीचा र काही स्वरांपूर्वी लोप पावतो आणि इतर ठिकाणी त्याचा न होतो, त्यामुळे री चे ई, रिम चे इम, र्यू चे यू आणि रो चे नो झाले. उत्तर कोरियात हा नियम मानत नाहीत, म्हणून किम जॉंग-उन यांच्या पत्नीचे नाव री सॉल-जू असेच लिहिले जाते. दक्षिणेतही काही कुटुंबांनी आपले जुने रूप सोडले नाही, आणि २००७ पासून तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या नियमाने अशा कुटुंबांना कौटुंबिक नोंदवहीत र्यू, रा, री अशी रूपे ठेवण्याची मुभा मिळाली.

स्वरांच्या बाबतीत मराठीला एक मोठी सोय आहे. इंग्रजीत ई आणि ओ ही अक्षरे जोडून जो कोरियन स्वर लिहितात, तो 'एओ' नाही आणि 'इओ' तर नाहीच. आपल्या 'ऑ' च्या तो पुष्कळ जवळ आहे. म्हणून जॉंग, सॉ, हॉ असे लिहावे. सोल या शहराच्या नावातही हाच स्वर आहे आणि त्याचा कोरियन उच्चार सॉ-उल असा दोन अक्षरी होतो. सॉंग, सोंग आणि सुंग ही तीन वेगळी अक्षरे आहेत. तिसऱ्यातला उ ओठ गोल न करता म्हणायचा असतो आणि त्याला देवनागरीत नेमके चिन्ह नाही. आणखी एक सूचना फक्त मराठी भाषकांसाठी. कोरियन ज आणि छ नेहमी तालव्य असतात. जॉंग मधला ज 'जन्म' मधल्यासारखा म्हणावा, 'जाळे' मधल्यासारखा नव्हे.

दक्षिण कोरियाच्या सरकारने २००० साली रोमन लेखनाची नवी अधिकृत पद्धत लागू केली, पण आडनावांना तीतून सूट आहे. त्यामुळे एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगे आढळतात, आणि सख्ख्या नातलगांची स्पेलिंगेही वेगळी असू शकतात. पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही आणि नंतरचे ली म्युंग-बाक यांची आडनावे इंग्रजीत वेगळी दिसतात, पण कोरियन लिपीत दोन्ही 'ई'च आहेत.

तिसरी पायरी : आडनावाचे चिन्ह आणि त्याची कथा

सोलमधल्या नामसान डोंगरावरून दगड भिरकावला तर तो एखाद्या किमला, ईला किंवा बाकला लागतो, असे कोरियात म्हणतात. २०१५ च्या जनगणनेत किम सुमारे १ कोटी ७ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २१.५ टक्के होते. ई १४.७ टक्के आणि बाक ८.४ टक्के होते. यात छ्वे आणि जॉंग मिळवले की निम्म्याहून अधिक देश पाच आडनावांत सामावतो. २००० सालच्या जनगणनेत एकूण आडनावे २८६ होती. २०१५ मध्ये ती संख्या ५,५८२ झाली ती मुख्यतः नागरिकत्व घेतलेल्या परदेशी लोकांच्या आडनावांमुळे.

किम हे आडनाव ज्या चिनी चिन्हाने लिहितात त्याचा अर्थ सोने. तेच चिन्ह एरवी 'गुम' असे वाचले जाते, आडनावात मात्र 'किम'. ई म्हणजे आलुबुखाराचे झाड. छ्वे म्हणजे उंच, उत्तुंग. बाकचा संबंध आख्यायिका 'बाक' म्हणजे भोपळा या कोरियन शब्दाशी जोडते. शिल्ला राज्याचा पहिला राजा ह्यॉक-गॉसे भोपळ्याएवढ्या अंड्यातून प्रकट झाला, म्हणून त्याचे आडनाव बाक पडले, असे ती सांगते. परंपरेने या राज्याच्या स्थापनेचे वर्ष इसवी सनपूर्व ५७ मानले जाते आणि आजचे सर्व बाक स्वतःला त्याचेच वंशज समजतात. ग्यॉंगजू शहरातील ग्येरिम नावाच्या राईत कोंबडा आरवला आणि झाडाला टांगलेल्या सोन्याच्या पेटीत बालक सापडले, ते किम आल्जी. किमांची दुसरी मोठी शाखा गाया राज्याचा राजा सूरो याच्यापासून स्वतःला मोजते. आकाशातून उतरलेल्या सहा सोनेरी अंड्यांपैकी एकातून तो जन्मला, अशी कथा आहे. म्हणजे दोन किम कुटुंबांचे आडनाव, चिन्ह आणि सोन्याची खूण एकच असूनही ती परस्परांची नातलग असतातच असे नाही.

याच राजा सूरोच्या राणीमुळे भारताचा या विषयाशी थेट धागा जुळतो. १३व्या शतकात इर्यॉन या बौद्ध भिक्षूने संकलित केलेल्या 'साम्गुक युसा' या ग्रंथात म्हटले आहे की, इसवी सन ४८ मध्ये 'आयुता' देशाची राजकन्या हॉ ह्वांग-ओक समुद्रमार्गे आली आणि सूरोची राणी झाली. तिच्या इच्छेवरून काही मुलांना तिचे हॉ हे आडनाव मिळाले, आणि त्यांच्यापासून किम्हे येथील हॉ कुळ सुरू झाले, असे परंपरा मानते. आयुता म्हणजे अयोध्या, असे समजून २००१ साली अयोध्येत तिचे स्मारक उभारण्यात आले. इतिहासकार या कथेला ऐतिहासिक पुरावा मानत नाहीत, आणि वाचकानेही मानू नये. पण किम्हेचे किम आणि किम्हेचे हॉ एकाच जोडप्याची संतती म्हणून परस्परांत विवाह टाळत आले, ही सामाजिक वस्तुस्थिती मात्र खरी आहे.

एवढ्या थोड्या आडनावांत एवढी माणसे का, याचे उत्तर इतिहासात आहे. सुरुवातीला आडनाव केवळ राजघराण्यांपाशी आणि सरदारांपाशी होते. दहाव्या शतकात गोर्यॉ राज्य स्थापणाऱ्या वांग गॉनने आपल्या बाजूने आलेल्या स्थानिक सरदारांना आडनावे बहाल केली. पुढे १०५५ साली कुळनोंद नसलेल्यांना राज्यसेवेच्या परीक्षेस बसण्यास मनाई झाली, आणि आडनाव ही प्रतिष्ठेबरोबरच गरजेचीही गोष्ट बनली. तरीही गुलामांना आणि तळच्या अनेक लोकांना शतकानुशतके आडनाव नव्हते. १८व्या आणि १९व्या शतकांत वंशावळी विकत घेणे, त्यांत नाव घुसवून घेणे हे प्रकार वाढले. १८९४ च्या सुधारणांनी जन्मजात दर्जाचे भेद कायद्याने संपले आणि १९०९ च्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला आडनाव लिहिणे भाग पडले. निवड करायची वेळ आली तेव्हा लोकांनी साहजिकच मानाची आणि परिचयाची आडनावे घेतली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाव सांगायला बंदी होती, त्यांनी राजाचे आडनाव उचलले यात मला फसवणूक दिसत नाही, न्याय दिसतो.

आवाज एक आणि चिन्हे अनेक, ही अडचण आडनावांतही आहे. जॉंग हे किमान तीन वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिले जाते. यू, शिन, जो, जांग, इम, कांग यांचेही तसेच. म्हणून दोन जॉंग भेटले तर ते एकाच आडनावाचे आहेत असे चिन्ह पाहिल्याशिवाय म्हणता येत नाही.

चौथी पायरी : मूळस्थान विचारा

आडनावाच्या जोडीला प्रत्येक कोरियन कुटुंबाचे एक 'बोनग्वान' असते. कुळाचा आद्य पुरुष जेथला मानला जातो ते गाव किंवा शहर म्हणजे बोनग्वान. किम्हेचे किम, ग्यॉंगजूचे किम, मिर्यांगचे बाक, जॉन्जूचे ई अशी कुळाची पूर्ण ओळख दिली जाते. २००० सालच्या जनगणनेत अशी ४,१७९ मूळस्थाने नोंदली गेली. सर्वांत मोठे कुळ किम्हेच्या किमांचे आहे. जॉन्जूचे ई हे १३९२ साली जोसॉन राज्य स्थापणाऱ्या ई सॉंग-ग्ये याचे कुळ. सेनापती ई सुन-शिन हेही ईच, पण त्यांचे मूळस्थान दॉक्सू, म्हणजे त्यांचे कुळ राजघराण्यापासून वेगळे. बोनग्वानच्या गावी आज त्या कुटुंबाचे कोणी राहत असेलच असे नाही.

या व्यवस्थेचा परिणाम लग्नांवर झाला. आडनाव आणि मूळस्थान दोन्ही एक असलेल्या स्त्री-पुरुषांना दक्षिण कोरियाच्या नागरी कायद्याने विवाहाला मनाई होती. किम्हेच्या किमांसारख्या लाखोंच्या कुळात, प्रत्यक्ष नात्याचा मागमूसही नसलेल्या जोडप्यांना यामुळे विवाह नोंदवता येत नसे, आणि त्यांच्या मुलांच्या कायदेशीर दर्जाचा प्रश्न उभा राही. १९७८, १९८८ आणि १९९६ साली एकेका वर्षापुरती सवलत दिली गेली. १९९७ मध्ये संविधान न्यायालयाने ही बंदी संविधानाशी विसंगत ठरवली आणि २००५ च्या दुरुस्तीने तिच्या जागी जवळच्या रक्तसंबंधांपुरते निर्बंध आणले. एका प्रशासकीय नोंदीने इतक्या जोडप्यांची आयुष्ये अडवून धरावीत, ही गोष्ट कोरियन आडनावांविषयी लिहिताना वगळता येत नाही.

विवाहानंतर कोरियन स्त्री आपले आडनाव बदलत नाही. तिच्या नावावरून पतीचे आडनाव कळत नाही, आणि आई व मुलांची आडनावे वेगळी दिसली तर त्यात वावगे काही नसते. मुले सामान्यतः वडिलांचे आडनाव घेतात. २००८ पासून विवाह नोंदवतानाच दोघांनी तसे ठरवले तर मुलांना आईचे आडनाव आणि मूळस्थान देता येते. विवाहाच्या वेळी न ठरवल्यास पुढे ते सोपे राहत नाही, ही अट अनेकांना जाचक वाटते. नागरिकत्व घेतलेला परदेशी माणूस न्यायालयाच्या परवानगीने नवे आडनाव आणि नवे मूळस्थानही सुरू करू शकतो.

पाचवी पायरी : नावातील प्रत्येक अक्षराचे चिन्ह शोधा

कोरियन लिपी हांगुल ही उच्चारानुसारी आहे. राजा सेजोंगने ती १४४३ मध्ये तयार करून १४४६ मध्ये जाहीर केली. पण बहुतेक नावे हांगुलबरोबर चिनी चिन्हांतही नोंदलेली असतात, आणि या चिन्हांना कोरियात 'हांजा' म्हणतात. एकाच आवाजाची कित्येक हांजा चिन्हे असतात. 'जी' म्हणजे शहाणपण, इच्छाशक्ती, जाणणे किंवा जमीन. 'मिन' म्हणजे लोक, चपळ, आकाश किंवा एक प्रकारचा जेड. 'यॉन' कमळ असेल किंवा सौंदर्य. 'हो' विशाल असेल किंवा वाघ. 'छॉल' सुज्ञ असेल किंवा लोखंड. 'उन' कृपा असेल किंवा चांदी. म्हणून 'जी-मिन म्हणजे काय?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'या जी-मिनची चिन्हे कोणती?' या प्रश्नाला आहे.

सार्वजनिक जीवनातील काही नावे या पद्धतीने उलगडून पाहू. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस बान गी-मुन यांच्या नावात गी म्हणजे पाया आणि मुन म्हणजे अक्षरविद्या. हेच मुन चिन्ह माजी राष्ट्राध्यक्ष मुन जे-इन यांचे आडनाव आहे. माजी राष्ट्राध्यक्ष बाक गुन-हे यांच्या नावातले गुन हे कोरियाचे राष्ट्रीय फूल असलेल्या जास्वंदवर्गीय मुगुंगह्वाचे चिन्ह आहे आणि हे म्हणजे कृपा. २००० साली शांततेचे नोबेल मिळालेले किम दे-जुंग यांच्या नावात दे म्हणजे मोठा आणि जुंग म्हणजे मध्य. हान कांग यांच्या नावातले कांग म्हणजे नदी. त्यांचे पूर्ण नाव सोलमधून वाहणाऱ्या हान नदीच्या कोरियन नावासारखेच ऐकू येते, पण नदीच्या नावातले हान आणि त्यांच्या आडनावातले हान ही दोन वेगळी चिन्हे आहेत.

आवाजावर विसंबण्याची मर्यादा दाखवणारे सर्वांत ठळक नाव माझ्या मते १६व्या शतकातील तत्त्वज्ञ ई ई (१५३६-१५८४) यांचे आहे. आडनाव ई, नावही ई. हांगुलमध्ये दोन्ही हुबेहूब सारखी लिहिली जातात, आणि हांजामध्ये एक झाड आहे तर दुसरे कानातल्या मण्याशी संबंधित. पाच हजार वॉनच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे आणि पन्नास हजारांच्या नोटेवर त्यांच्या आईचे, शिन साइम्दांग यांचे. साइम्दांग हे त्यांनी धारण केलेले उपनाम. जोसॉन काळात बहुसंख्य स्त्रियांचे व्यक्तिनाव नोंदींत येतच नसे. त्या केवळ अमक्या आडनावाच्या घरची मुलगी म्हणून लिहिल्या जात.

राजांच्या बाबतीत रीत उलट होती. राजाच्या नावातले चिन्ह प्रजेने लिहू-बोलू नये असा दंडक असल्यामुळे जोसॉन राजपुत्रांना मुद्दाम एका अक्षराचे आणि दुर्मिळ चिन्हाचे नाव देत, म्हणजे लोकांची अडचण होऊ नये. सेजोंगचे स्वतःचे नाव ई दो होते. सेजोंग ही मृत्यूनंतर दिलेली पदवी आहे.

आज नवे नाव ठेवताना आई-वडिलांना दोन मर्यादा असतात. १९९१ पासून नावासाठी वापरता येणाऱ्या चिन्हांची सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेली यादी आहे. ती वेळोवेळी वाढत जाऊन आज नऊ हजारांच्या वर पोहोचली आहे. शिवाय आडनाव सोडून नाव पाच अक्षरांपेक्षा लांब असता कामा नये. याखेरीज पुष्कळ कुटुंबे नामकरणाच्या व्यावसायिकाकडे जातात. तो जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांवरून लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पंचतत्त्वांपैकी कशाची उणीव आहे ते पाहतो आणि चिन्हांच्या रेघा मोजून नाव सुचवतो. या मोजणीवर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण अर्थ शोधणाऱ्याने एवढे ओळखावे की काही नावांत चिन्ह अर्थापेक्षा त्याच्या तत्त्वासाठी निवडलेले असते.

सहावी पायरी : पिढीचे अक्षर तपासा

भावंडांची आणि चुलतभावांची नावे शेजारी ठेवली की कोरियन नावाची एक आतली रचना दिसू लागते. एका कुळातील एका पिढीच्या सर्व मुलग्यांच्या नावांत एक अक्षर समान असते. त्याला 'दोल्लिम्जा' म्हणतात, आणि ते 'जोक्बो' नावाच्या कुळाच्या वंशावळीत कित्येक पिढ्या आधीच ठरलेले असते. सामान्यतः एका पिढीत ते नावाच्या पहिल्या जागी आणि पुढच्या पिढीत दुसऱ्या जागी येते. अनेक कुळांत ही अक्षरे पंचतत्त्वांच्या क्रमाने लावलेली असतात : लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी, आणि पुन्हा लाकूड. एका पिढीच्या चिन्हात लाकडाचा अंश असेल तर पुढच्या पिढीच्या चिन्हात अग्नीचा.

ह्युंदाई उद्योगसमूहाच्या संस्थापक घराण्यात ही रीत स्पष्ट दिसते. संस्थापक जॉंग जू-यॉंग आणि त्यांचे भाऊ इन-यॉंग, सून-यॉंग, से-यॉंग यांच्या नावांत यॉंग शेवटी आहे. पुढची पिढी मोंग-गू, मोंग-हॉन, मोंग-जून, येथे मोंग आधी आला. त्यापुढच्या पिढीत आज ह्युंदाई मोटर समूहाची धुरा वाहणारे उइ-सॉन आणि त्यांचे चुलतभाऊ जी-सॉन, इल-सॉन. सॉन पुन्हा शेवटी गेला. सॅमसंगच्या घराण्यात मेंग-ही, छांग-ही, गॉन-ही हे भाऊ, आणि त्यांची मुले जे-ह्यॉन व जे-योंग. मुलींची नावे मात्र बू-जिन, सॉ-ह्यॉन अशी, या अक्षराच्या बाहेरची आहेत. दोल्लिम्जा परंपरेने मुलग्यांपुरताच असे आणि अनेक कुळांत मुलींना तो मिळत नसे.

सेनापती ई सुन-शिन (१५४५-१५९८) यांच्या घरी हीच कल्पना विलक्षण सुंदर रीतीने वापरली गेली. चार भाऊ : हुई-शिन, यो-शिन, सुन-शिन आणि उ-शिन. शिन म्हणजे मंत्री किंवा सेवक, आणि त्याच्या आधीचे अक्षर चीनच्या पौराणिक राजांच्या नावातले आहे. फू-शी, याओ, शुन आणि यू हे राजे कोरियन उच्चारात बोकहुई, यो, सुन आणि उ होतात. राजांचा क्रम तोच मुलांचा क्रम.

आज शहरांतील तरुण आई-वडील दोल्लिम्जा सोडून देऊ लागले आहेत. एखाद्या नावात तो दिसला नाही तर कुटुंबाचा वंशावळीशी संबंध नाही, असा निष्कर्ष काढू नये.

सातवी पायरी : हांजा नसलेली नावे वेगळी काढा

काही नावांना हांजा असतच नाही, आणि तेथे आवाज हाच अर्थ असतो. हानुल म्हणजे आकाश, बादा म्हणजे समुद्र, इसुल म्हणजे दव, सुल्गी म्हणजे सुज्ञता, आरुम म्हणजे सौंदर्याचा भाव, बोरा म्हणजे जांभळा रंग, सोरा म्हणजे शंख, नारी म्हणजे लिलीचे फूल, ब्यॉल म्हणजे तारा, बोम म्हणजे वसंत. गाराम हा नदीसाठीचा जुना कोरियन शब्द आज नावांतच उरला आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत अशा नावांना बहर आला. येथेही सावध राहावे लागते, कारण बोरा, सोरा, नारी यांसारख्या आवाजांना कोणी हांजाही जोडलेले असू शकते.

आठवी पायरी : नावावरून काळ ओळखा

जपानी राजवटीत १९४० च्या फेब्रुवारीपासून कोरियन कुटुंबांवर जपानी धाटणीची आडनावे घेण्याची सक्ती झाली. सहा महिन्यांच्या मुदतीत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी ती नोंदवली. नकार देणाऱ्यांच्या मुलांना शाळाप्रवेशापासून अडवले जात होते. १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या आदेशाने जुनी नावे परत मिळाली. मुलींच्या नावांवर त्या काळाचा ठसा मात्र राहिला. यॉंग-जा, सुन-जा, जॉंग-जा यांतला जा म्हणजे जपानी स्त्रीनामांच्या शेवटचा 'को'. चिन्ह तेच, वाचन कोरियन. असे नाव दिसले की ती स्त्री बहुधा आज आजीच्या वयाची आहे असे समजावे.

मुलगा हवा असताना मुली होत गेल्या, तर शेवट सुचवणारे माल-जा किंवा ग्गुत-सुन असे नाव ठेवत. आणि मूल दगावू नये म्हणून त्याला लहानपणी 'गे-त्तोंग', म्हणजे कुत्र्याची विष्ठा, अशी हीन हाक मारत. आपल्याकडच्या नकुशा आणि दगडू-धोंडू या नावांमागे जे दुःख आणि जी भीती होती, तीच येथे आहे.

पुढच्या पिढ्यांत यॉंग-सू आणि यॉंग-सुक, मग १९८० च्या दशकात जी-हून आणि जी-हे, आणि २००० नंतर मिन-जुन आणि सॉ-यॉन ही नावे आघाडीवर आली. अलीकडची बरीच नावे मुलगा-मुलगी दोघांनाही चालतात, त्यामुळे जी-वॉन या नावावरून ईमेलमध्ये 'सर' लिहिण्याची घाई करू नये. नावे बदलणेही आता सोपे झाले आहे. २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, गुन्हा लपवण्यासारखा हेतू नसेल तर बदलाला सहसा परवानगी मिळते, आणि नावामुळे आयुष्यभर अपमान सोसलेल्या अनेक स्त्रियांनी तिचा उपयोग केला आहे.

शेवटची पायरी : हाक मारताना आणि विचारताना

वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीला नुसत्या नावाने हाक मारणे कोरियन समाजात उद्धटपणाचे मानतात. कार्यालयात आडनाव, पद आणि 'निम' ही आदराची जोड वापरावी : विभागप्रमुख असलेल्या किम यांना 'किम बुजांग-निम'. समवयस्क सहकाऱ्याला पूर्ण नावापुढे किंवा व्यक्तिनावापुढे 'श्शी' लावता येते. नुसत्या आडनावापुढे श्शी लावून 'किम-श्शी' म्हणणे मात्र तुच्छतादर्शक ठरू शकते, आणि इंग्रजीतल्या 'मिस्टर किम'ची सवय असलेले लोक येथेच चुकतात. आईला बरेचदा मुलाच्या नावाने ओळखतात : 'जी-हून ऑम्मा', म्हणजे जी-हूनची आई. स्वतःच्या वडिलांचे नाव सांगताना कोरियन माणूस ते सलग उच्चारत नाही. आडनावानंतर प्रत्येक अक्षराला 'जा' जोडून, सुटे सुटे सांगतो.

परिचय वाढल्यावर नावाची चिन्हे विचारायला हरकत नसते. बहुतेकांना तो प्रश्न आवडतो, कारण त्यात खरी आस्था असते. उत्तर मिळते ते विशिष्ट पद्धतीने. हांजा चिन्ह कोरियात अर्थ आणि आवाज अशा जोडीने पाठ केले जाते. 'हानुल छॉन, त्तांग जी', म्हणजे आकाश हा छॉन आणि जमीन हा जी, ही जुन्या पाठशाळेतली पहिली ओळ आजही सर्वांच्या कानांवर असते. त्यामुळे 'तुमच्या नावातला जी कोणता?' असे विचारले की समोरचा 'त्तुत जी' म्हणेल, म्हणजे इच्छाशक्तीचा जी, किंवा 'त्तांग जी' म्हणेल, म्हणजे जमिनीचा. आडनावाबाबत 'बोनग्वान कोणते?' एवढे पुरे. भावंडांच्या नावांत कोणते अक्षर समान आहे, हा प्रश्न त्यानंतर विचारावा. काही तरुणांना आपले मूळस्थान ठाऊक नसते आणि ते घरी फोन करून विचारतात. तशा वेळी उत्तरासाठी आग्रह धरू नये.